तिसऱ्या वळणावरची नवरी

मित्सुए सामेशिमाला डावं-उजवं कळत नाही, असं तिच्या गल्लीतले सगळे म्हणतात. ते खरं नाही. तिला डावं-उजवं उत्तम कळतं. फक्त ते तिचं स्वतःचं नसतं, समोरच्याचं असतं. एकतीस वर्षं ती प्रवासी बसमध्ये गाइड म्हणून उभी राहिली, ड्रायव्हरच्या शेजारी, पाठ रस्त्याकडे आणि तोंड माणसांकडे. ‘आता आपल्या उजव्या हाताला’ म्हणायचं आणि आपला डावा हात वर करायचा. अठराव्या वर्षी नोकरीला लागली तेव्हा शिकाऊ मुलींच्या डाव्या मनगटाला लाल दोरा बांधत असत. हा उजवा, असं घोकायचं. महिन्याभराने दोरा सुटला, पण गाठ आत कुठे बसली ती बसलीच. आजही डॉक्टर म्हणाले उजवा डोळा झाका, की ती डावा झाकते. टॅक्सीवाल्याला उजवीकडे घे म्हणते आणि त्याने उजवीकडे घेतली की त्यालाच झापते.

एरवी बाई चोख आहे. कागोशिमात राहायचं म्हणजे ज्वालामुखीची राख रोज अंगणात. ती सकाळी सहाला झाडून पिशवीत भरून बाहेर ठेवलेली असते. बोलणं स्वच्छ, उच्चार बातम्या सांगणारीसारखे. जन्म मात्र खाडीपलीकडच्या ओसुमीच्या मुळ्याच्या शेतातला, आणि तिथली बोली अशी की शेजारच्या मियाझाकीच्या माणसालाही ती समजावून सांगावी लागते. नोकरीच्या पहिल्या तीन महिन्यांत दातांत आडवी पेन्सिल धरून तिने ती बोली घालवली. आता रागावली की तेवढी परत येते.

तर या मित्सुएला दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने एक वाक्य ऐकवलं, आणि तेव्हापासून तिला स्वस्थता नव्हती.

नवरा तादायुकी त्याच बसचा ड्रायव्हर. अंगणाकडच्या ओट्यावर बसून दोघं उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खात होती. काही विषय नसताना तो म्हणाला, “तुझी ती नवरी आहे ना, ती समोरून कुणाला दिसायचीच नाही.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो. चाळीस वर्षं समोरूनच बघत होतो.” आणि हसला. एवढ्यात फोन वाजला, तो उठला, आणि विषय तिथेच राहिला. मित्सुएने मुद्दाम विचारलं नाही. रागच आला होता तसा. चार दिवस ती घुश्शातच होती, आणि पाचव्या दिवशी सकाळी दात घासता घासता तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

नवरी म्हणजे नवरी खडक. मियाझाकीहून समुद्राच्या कडेने दक्षिणेला निघालं, की खिंड उतरल्यावर तिसऱ्या वळणापाशी पाण्यात एक खडक उभा आहे. नवऱ्या मुलीने डोक्यावर पांढरं वस्त्र घेऊन मान खाली घालावी, हुबेहूब तसा. मित्सुए नोकरीला लागली त्या काळात अख्ख्या देशातली नवी जोडपी मधुचंद्राला मियाझाकीला यायची. एका बसमध्ये वीस-वीस जोडपी. नवरे काळ्या सुटात, बायका नव्या टोप्या घालून, आणि प्रत्येक जोडीच्या मधे वीतभर जागा रिकामी. बहुतेकांनी एकमेकांना लग्नाआधी दोनदा पाहिलेलं, तेही दोन्हीकडच्या आयांच्या देखत. अशा चाळीस घाबरलेल्या माणसांना दोन दिवसांत कागोशिमापर्यंत न्यायचं, आणि रिकामी बस घेऊन आतल्या डोंगररस्त्याने परतायचं. परतीला गाइड मागच्या बाकावर पाय पसरून झोपत. समुद्र पाहायचा तो फक्त जाताना.

आणि तोही कसा, तर पाठमोरा. प्रवाशांना पाठ दाखवायची नाही हा नियम होता. त्यामुळे पुढून येणारी कोणतीही गोष्ट मित्सुएला दिसायची ती बसने मागे टाकल्यावर. पाठांतराच्या वहीत नवरी खडकाचं वाक्य वळणाच्या आधी होतं. पण खडक तिच्या डोळ्यांसमोर यायचा वळणानंतर, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने ते वाक्य तिकडे ढकललं. जे आपल्याला दिसत नाही ते दुसऱ्याला दाखवायचं नाही, हा तिचा बाणा. ‘आता आपल्या डाव्या हाताला, मान खाली घालून उभी आहे ती नवरी. समुद्रातून आलेल्या नवरदेवाचं तोंड तिने अजून नीट पाहिलेलं नाही.’ एवढं म्हटलं की चाळीसच्या चाळीस माना मागे फिरायच्या, आणि मित्सुएला फक्त केस आणि टोप्या दिसायच्या. केवढा देखणा खडक, दिसेनासा होईपर्यंत माणसं नजर काढत नाहीत, असं वाटून तिचा ऊर भरून यायचा. तादायुकी मात्र नेमका तिथेच बस पार बैलगाडीसारखी चालवायचा. एवढंसं वळण, त्याला काय भ्यायचं? त्यावरून तिने त्याला लग्नाआधीही ‘भित्रट’ म्हटलं होतं आणि लग्नानंतर तर म्हटलंच.

हे सगळं कदाचित राखेबरोबर झाडून टाकलं गेलं असतं. पण या ऑक्टोबरात मियाझाकीकडच्या एका नगर कार्यालयातून कुरोकी नावाच्या मुलीचा फोन आला. किनाऱ्याने जाणाऱ्या रोजच्या बसमध्ये जुन्या गाइडच्या आवाजातल्या सूचना लावायच्या होत्या. अकरा वाक्यं. दहावं नवरी खडकाचं.

“दहा सोडून बाकी सांगते,” मित्सुए म्हणाली.

“पण आजी, तेच तर सगळ्यांना आठवतं.”

“आठवतं, की दिसलं होतं?”

कुरोकीला काही कळलं नाही. खडकाचे फोटो पाठवू का, असं तिने विचारलं. मित्सुएने झटकून टाकलं. फोटो काढणारा कुठेही जाऊन उभा राहतो, त्याला बसमध्ये बसावं लागत नाही. जुन्या मैत्रिणींना फोन करून पाहिले. पण त्याही सगळ्या जन्मभर पाठमोऱ्याच. पुढच्या सोमवारी रेकॉर्डिंग ठरलं होतं. एकतीस वर्षं हजारो माणसांना आपण नसलेली गोष्ट दाखवली, आणि ती बिचारी भिडेखातर ‘अगदी खरंच’ म्हणत राहिली, हे खरं असेल तर ते वाक्य पुन्हा तोंडातून काढायचं नाही, एवढं तिने ठरवून टाकलं. पण आधी बघायचं. प्रवाशाच्या जागेवर बसून.

सोबतीला नणंद निघाली. फुसाको, तादायुकीची धाकटी बहीण, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली, सत्तरीची, गोल, आणि कशाचीही घाई नसलेली. एका दिवसात जाऊन येण्यासारखं होतं, पण फुसाकोने वेळापत्रकं पसरून तीन दिवसांचा बेत केला: जाताना साधी गाडी, समुद्रकाठी मुक्काम, मग बस, मग छोटी आगगाडी, पुन्हा बस, आणि शेवटी खाडी ओलांडायला बोट.

“जलद गाडी आहे की,” मित्सुए म्हणाली.

“जलद गाडीत खायला वेळ मिळत नाही.”

“वन्सं, आपण खायला चाललोय की खडक बघायला?”

“तू खडक बघ. मी खाते.”

पहिल्या दिवशी गाडी खाडीच्या कडेने निघाली. साकुराजिमा ज्वालामुखी धूर काढत होता आणि वारा त्यांच्याच बाजूला होता, म्हणून डब्यातल्या सगळ्यांनी न सांगता खिडक्या लावून घेतल्या. फुसाकोने शेंगांची पिशवी उघडली, फोलपटांसाठी दुसरी पिशवी काढली. दर स्टेशनावर गाडी थांबे, कधी समोरच्या गाडीची वाट पाहत दहा-दहा मिनिटं, आणि फुसाको खाली उतरून फलाट पाहून यायची. एका ठिकाणी तिने स्टेशनमागच्या बाईकडून पिकलेली पर्सिमॉन फळं आणली, एका ठिकाणी नुसतीच बातमी, की इथल्या मांजरीला टोपी आहे. मित्सुए आठवणीने उलट्या बाकावर बसली होती. पंधरा मिनिटांनी फुसाकोच्या लक्षात आलं.

“वहिनी, समोर तोंड करून बस ना. सगळी जागा रिकामी आहे.”

“मला असंच बरं वाटतं. समोर बसलं की सगळं अंगावर येतं.”

“आणि उद्या बसमध्ये? तिथे उलटं बाक नसतं.”

मित्सुएने आणखी एक शेंग फोडली. खरं तर तिला त्याचीच धास्ती होती.

“दादा असं बोलला तरी कधी?” फुसाकोने विचारलं. “चेष्टा केली असेल. लहानपणी मला सांगायचा की मी मुळ्याच्या शेतात सापडले.”

“चेष्टा असती तर दुसऱ्यांदा हसले असते. ते एकदाच हसले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आओशिमाच्या थांब्यावर दोघी बसची वाट पाहत उभ्या राहिल्या. किनारा तोच, ताडासारखी उंच झाडंही तीच, फक्त झाडांच्या वयाचं काही तरी झालं होतं. मित्सुएने पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती तिच्या खांद्याएवढी होती. बस आली. तिच्यात हातोडीने चेंडू टोलवायच्या खेळाची एक अख्खी म्हातारी टोळी बसलेली, प्रत्येकाच्या हातात लांब दांड्याची हातोडी आणि डोक्यावर पांढरी टोपी. फुसाको आधी चढली.

“कुठे बसू?”

“उजवीकडे, उजवीकडे. लवकर धर,” मित्सुए मागून म्हणाली.

फुसाकोने उजवीकडची शेवटची रिकामी जोडी धरली. मित्सुए खिडकीशी बसली, चष्मा पुसला, हात मांडीवर ठेवले. बस निघाली आणि तिच्या खिडकीबाहेर डोंगराची कापलेली बाजू सुरू झाली. सिमेंट, जाळी, शेवाळं, पुन्हा सिमेंट.

“वहिनी,” फुसाको हळूच म्हणाली, “समुद्र त्या बाजूला आहे.”

“दिसतंय मला.”

“तू उजवीकडे म्हणालीस.”

“मी बरोबरच म्हणाले. तू माझ्याकडे तोंड करून उभी होतीस.”

“मी पाठ करून उभी होते. चढत होते ना.”

डाव्या बाजूला खिडकीगणिक एकेक पांढरी टोपी. मित्सुए अर्धवट उठली, पण पलीकडच्या म्हाताऱ्याला वाटलं आजींना त्याच्याशी बोलायचंय, आणि तो गुडघेदुखीबद्दल सांगू लागला. तेवढ्यात एक, दोन, तीन वळणं गेली. तिसऱ्यानंतर बस मंदावली एवढं तिला जाणवलं. खडक गेला असणार. म्हातारा म्हणत होता की वाफेने शेकलं तर बरं वाटतं.

उदोच्या देवळापाशी दोघी उतरल्या. फुसाको हसू दाबत होती, आणि ते मित्सुएला हसण्यापेक्षा जास्त झोंबलं. पायऱ्या उतरून कड्यातल्या गुहेतलं देऊळ केलं. बाहेर कठड्याखाली समुद्रात कासवाच्या आकाराचा खडक आहे, त्याच्या पाठीवर दोराने आखलेला खळगा. भाजलेल्या मातीच्या पाच गोळ्या घ्यायच्या, मनात इच्छा धरायची आणि खळग्यात टाकायच्या. बायकांनी उजव्या हाताने, पुरुषांनी डाव्या. मित्सुएने हे वाक्य दर फेरीला म्हटलेलं, पण स्वतः गोळी कधी टाकली नव्हती. प्रवाशांच्या टोप्या आणि छत्र्या सांभाळायच्या असत. तिने पाय रोवले आणि एकामागून एक पाच गोळ्या फेकल्या. चौथी नेमकी खळग्यात जाऊन बसली.

“बसली,” ती म्हणाली.

“बसली खरी,” फुसाको म्हणाली. “पण डाव्या हाताने टाकलीस.”

मित्सुएने आपल्या हाताकडे पाहिलं.

“म्हणजे इच्छा पुरुषाची झाली,” फुसाको म्हणाली. “आता ती देव दादाच्या नावाने धरणार. काय मागितलंस?”

“त्यांनी खोटं सांगितलं असू दे, असं.”

“मग तर घोटाळाच. दादाच्या तोंडून हे मागणं देवाला कसं वाटेल?”

आता मात्र मित्सुएलाही हसू आलं. पण दोनच पायऱ्या ती हसली. तिसऱ्या पायरीवर तिने जाहीर केलं की आपण परत उत्तरेला जायचं, खडक पाहायचा. फुसाकोने वेळापत्रक काढलं. उत्तरेची बस पन्नास मिनिटांनी. पण मग दुपारची छोटी आगगाडी चुकणार, आणि पुढची सगळी माळ सुटणार.

“तुला घाई नव्हती ना कशाची?” मित्सुए म्हणाली.

“घाई नाही गं. बेत मोडायचं जिवावर येतं. चार संध्याकाळ खपून केला होता.” मग तिने कागदाची घडी घातली. “चल. मोडला तर मोडला. तुझं बघून झाल्याशिवाय मलाही गिळायचं नाही आता.”

उत्तरेच्या बसमध्ये चारच माणसं होती. समुद्र आता उजव्या हाताला. मित्सुएने या वेळी तोंडाने काहीच सांगितलं नाही, समुद्र दिसत होता तिकडे बोट दाखवलं. दोघी अगदी पुढच्या बाकावर बसल्या. आणि वळणाच्या खूप आधीपासून, समोरच्या काचेतून, उन्हात, नवरी उभी. डोक्यावर वस्त्र, मान खाली, पायाशी फेस.

“अय्या,” फुसाको म्हणाली. “खरंच की गं. लाजतेय सुद्धा.”

मित्सुएचा चेहरा असा झाला की ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं. दोन वर्षांचं ओझं उतरलं. पुढच्या थांब्यावर खिंडीत दोघी उतरल्या, तिथल्या टपरीशेजारच्या टेबलावर बसल्या, आणि फुसाकोने स्थानिक लिंबाच्या जातीचं एक पिवळं फळ पांढऱ्या गरासकट कापून मांडलं.

“म्हणजे दादा खोटारडा,” फुसाको म्हणाली.

“खोटारडे नव्हते. त्यांना काही समजायचं नाही, एवढंच. पुढे बघून गाडी हाकायची, शोभा कशाशी खातात कुणाला माहीत.” मित्सुएने फोड तोंडात टाकली. सोमवारी दहावं वाक्य कसं म्हणायचं, कुठे श्वास घ्यायचा, याची तिने मनात उजळणीही सुरू केली.

“ते जहाज बघ किती मोठं,” फुसाको म्हणाली.

“कुठलं जहाज?”

“अगं समोर. पांढरं.”

मित्सुएने पाहिलं. समोर फुसाको होती, तिच्या मागे टपरी, टपरीमागे डोंगर. “जहाज कुठलं? काहीतरीच सांगतेस.”

“तू पाठ करून बसलीयस समुद्राकडे. तुला कसं दिसणार?”

मित्सुएची फोड हातातच राहिली. बराच वेळ ती फुसाकोच्या डोळ्यांकडे बघत राहिली, जणू जहाज तिथे दिसणार होतं.

“फुसाको,” ती शेवटी म्हणाली, “आत्ता आपण कुठे तोंड करून होतो?”

“उत्तरेला. बस उत्तरेला चालली होती ना.”

“मी एकतीस वर्षं उत्तरेलाच तोंड करून होते.”

“मग?”

“माणसं दक्षिणेला तोंड करून होती.”

फुसाकोला कळायला एक घास लागला. मग तिने वेळापत्रक न काढताच सांगितलं, “दक्षिणेची पाऊण तासाने.”

तीच बस फिरून आली. ड्रायव्हरच्या छातीवरच्या पाटीवर हिदाका असं नाव होतं. तिशी-पस्तिशीचा, पांढरे हातमोजे घातलेला. त्याने दोघींकडे पाहून विचारलं, “आजी, काही विसरलं का?”

“हो,” मित्सुए म्हणाली. “चाळीस वर्षांपूर्वी.”

त्याने नम्रपणे मान हलवली. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याला हलवतात तशी. बसमध्ये पालेभाजीची जुडी घेतलेली एक बाई, दोन कॉलेजच्या मुली आणि एक झोपलेला माणूस. मित्सुए डाव्या खिडकीशी, फुसाको तिच्या शेजारी. बस खिंडीतून उतरू लागली. पहिलं वळण. सगळं अंगावर येत होतं, झाडं, कठडा, आकाश. मित्सुएने पुढच्या बाकाची दांडी धरली. दुसरं वळण. आणि डावीकडे पाण्यात खडक दिसला.

बेडूक होता. फुगलेल्या गालांचा, पसरट तोंडाचा, पोटावर बसलेला बेडूक. नवरीचं त्याच्यात बोटभरही काही नव्हतं. मित्सुएने डोळे बारीक करून पाहिलं, मोठे करून पाहिलं. बेडूकच.

“वहिनी, बेडूक गं,” फुसाको म्हणाली.

बेडूक जवळ आला, खिडकीशेजारून गेला. ‘मान खाली घालून उभी आहे ती नवरी.’ चाळीस माणसं, दिवसाआड एक बस, एकतीस वर्षं. भल्या माणसांनो, तुम्ही एकदाही कसं बोलला नाहीत? मित्सुएचे कान तापले. तिसरं वळण आलं, बस वळली, आणि मग गाडीचा वेग एकदम पडला. समोर रस्ता सरळ, रिकामा. वेग कमी करण्यासारखं काही नव्हतं. तरी बस चालणाऱ्या माणसाच्या गतीने जात होती.

मित्सुएच्या तोंडून ते वाक्य आपोआप निघालं. तिने ठरवलं नव्हतं. वेग पडला की ते निघायचं, एवढंच जिभेला माहीत होतं. जुना, पेन्सिलीने घासलेला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज: “आता आपल्या डाव्या हाताला, मान खाली घालून उभी आहे ती नवरी.”

भाजीवाल्या बाईने मान वळवली. मुलींनी वळवली. झोपलेला माणूस जागा होऊन काय झालं म्हणून बघू लागला. डावीकडे कुणाला काही दिसेना, तेव्हा सगळे अजून मागे वळले, कमरेतून, बाकाच्या पाठीला धरून. एका मुलीला दिसेना म्हणून ती मैत्रिणीच्या मांडीवर जवळजवळ आडवी झाली. आणि फुसाको, मधल्या वाटेकडे बसलेली, मित्सुएच्या अंगावर रेलली, हनुवटी तिच्या खांद्यावर, गाल गालाला लागलेला, पर्सिमॉनचा वास.

“दिसली,” फुसाको कानाशी म्हणाली. “अगं, मागे आहे. वळून बघ.”

मित्सुए वळली. मागच्या तिरप्या काचेतून नवरी दिसत होती. खाली घातलेली मान, पांढरं वस्त्र. बस इतकी हळू चालली होती की ती दिसेनाशी व्हायला दहा-बारा श्वास लागले. दोघी तशाच एकमेकींवर रेलून राहिल्या. चाळीस वर्षांच्या नात्यात त्या इतक्या जवळ कधी आल्या नव्हत्या. अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा नाही, तेव्हा दोघींनी वाकून एकमेकींना नमस्कार केला होता.

“म्हणून सगळ्यांची डोकी फिरायची मागे,” मित्सुए म्हणाली. “मला वाटायचं त्यांना नजर काढवत नाही.”

“अगं, तेव्हा तर त्यांना दिसायला लागायची.” फुसाको सरळ बसली, केस नीट केले. मग एकदम तिचे डोळे बारीक झाले. “वहिनी, ती जोडपी. मधे वीतभर जागा सोडून बसायची म्हणालीस ना?”

“हो.”

“मग एकाला दुसऱ्याच्या अंगावर रेलल्याशिवाय बघता येत होतं का?”

मित्सुएने मागच्या काचेकडे पुन्हा वळून पाहिलं.

“आणि दादाच्या डोक्यावर तो केवढा आरसा. मेला आरशातून बघत असणार सगळं. चहाटळ.”

उदोच्या थांब्यावर बस उभी राहिली तेव्हा मित्सुए ड्रायव्हरपाशी गेली. चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

“तिसऱ्या वळणानंतर तू वेग का कमी केलास?”

“चुकलं का काही?” हिदाका घाबरला. “आम्हाला तसंच शिकवतात, आजी. वळणानंतर सावकाश, मनात बारा मोजायचे, मग वेग घ्यायचा.”

“का?”

“ते कुणालाच माहीत नाही. वळण तर काही अवघड नाही. कुणीतरी जुन्याने सुरू केलं म्हणतात, त्याच्याकडून पुढच्याने उचललं.” तो थोडा ओशाळला. “आमच्यात म्हणतात, पूर्वी तिथे एखादा कुत्रा आडवा येत असेल.”

मित्सुएने त्याच्या पांढऱ्या हातमोज्यांकडे पाहिलं. त्याला सांगण्यासारखं बरंच होतं.

“असेल,” ती म्हणाली. “पण तू मोजत जा. बाराच मोज. घाई करू नकोस.”

आगगाडी चुकलीच होती. रात्र आबुरात्सुच्या बंदराजवळच्या एका छोट्या खानावळीवजा घरात काढली. फुसाकोने माशाचे गोडसर तळलेले वडे खाल्ले आणि आपल्या मोडलेल्या बेताला पेन्सिलीने नवे पाय जोडले. गरम पाण्यातली शोचू, रताळ्याची दारू, मित्सुएसमोर निवत होती.

“रागावलीस दादावर?”

“भित्रट म्हणायचे मी त्यांना. माणसांदेखत, माइकवरून सुद्धा. ‘आमचे ड्रायव्हरसाहेब या वळणाला घाबरतात,’ म्हणायचे, आणि बस हसायची.”

“आणि दादा?”

“टोपी काढून मान लववायचे. बस अजून हसायची.” तिने पेला उचलला. “सांगायला काय झालं होतं माणसाला?”

“सांगितलं असतं तर तू वाक्य मागे घेतलं असतंस.”

“घेतलंच असतं.”

“मग सगळ्यांना बेडूक दिसला असता,” फुसाको म्हणाली आणि तिच्या ताटातला वडा उचलला.

तिसरा दिवस आगगाडी, बस आणि बोट असा गेला. बोटीवर दोघींनी उभ्यानेच गरम शेवयांचा वाडगा घेतला, कारण त्या बोटीवर तसंच खातात, आणि खाडीच्या मधोमध साकुराजिमाने टोपीवर थोडी राख टाकली. सगळे प्रवासी पुढच्या कठड्याशी गेले, कागोशिमा दिसतंय का पाहायला. मित्सुए मागच्या कठड्याशी उभी राहिली. तादायुकी पुढे बघायचा, ती मागे बघायची. दोघांचं मिळून सगळं बघून झालं असावं.

सोमवारी कुरोकी कागोशिमालाच आली. भिंतींना जाड कापड लावलेली एक खोली, एक मायक्रोफोन, आणि कानावर मोठी उपकरणं घातलेला एक शांत माणूस. नऊ वाक्यं एका दमात झाली. दहाव्याला कुरोकीने कागद उलटला.

“आजी, हे आम्ही वळणाच्या आधी लावणार आहोत. म्हणजे लोकांना तयारीला वेळ मिळेल.”

“नाही. वळणानंतर.”

“पण मग ते मागे राहील. लोकांना पूर्ण वळावं लागेल.”

“वळू दे.”

“आणि शेजारी कुणी असेल तर?”

“असायलाच हवं,” मित्सुए म्हणाली. कागद तिने बाजूला ठेवला, कारण ती आता म्हणणार होती ते त्याच्यावर नव्हतं. बंद खोलीत, समोर प्रवासी नसताना, तिने पाय जोडले आणि पाठ ताठ केली. “आता सगळ्यांनी मागे वळून पाहावं. मान खाली घालून उभी आहे ती नवरी. शेजाऱ्यावर थोडं रेलावं लागलं, तर तेवढं अवश्य रेलावं. गाडी सावकाशच चालली आहे.”

कानवाल्या माणसाने अंगठा वर केला. कुरोकी हसत होती. “शेवटचं जुन्या वहीत होतं का, आजी?”

“वहीत नाही,” मित्सुए म्हणाली. “ते ड्रायव्हरचं आहे. चल, अकरावं घे, मला बाजारात जायचंय.”